व्हांदेचा बंडखोर, मुक्काम हर्नडन

यतीन मोहरील हा माणूस दर दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला गाडीच्या डिकीत दाताळं घालून कुठं जातो, या एका प्रश्नावर अमेरिकेतल्या हर्नडन गावी आमच्या गल्लीतल्या मराठी मंडळींनी दोन वर्षं काढली. दाताळं म्हणजे कडबा सारायचं, लाकडी, तीन दातांचं. आता मला सांगा, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला कडबा कशाला सारायचाय? संध्याकाळी परत यायचा तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळाला काजळी, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू कुणाची सोयरीक जमवून आलाय.

माझा मुलगा रवींद्र म्हणायचा, "बाबा, असेल काही. आपल्याला काय करायचंय?" सून वीणा म्हणायची, "काहीतरी आहे. रेणू एक शब्द बोलत नाही, म्हणजे नक्कीच आहे." रेणू ही यतीनची बायको. नात रुही फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आजोबा, मेबी ही बरीज पीपल." माणसं पुरत असेल म्हणे! एवढं इंग्रजी मला कळतं. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्या घरावरून चालताना चाल वाढवत होतो.

पण माझा स्वभाव असा की शंका पोटात ठेवली की जेवण जात नाही. त्यांचं घर आमच्यापासून तिसरं. एका रविवारी गेलो. यतीन बाहेर बादलीत सदरा भिजवत बसला होता. जाडाभरडा सदरा, आणि छातीवर लाल कापडाचं बदाम शिवलेलं.

"हे काय रे?"

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "काका, कुणाला सांगू नका. मी बंडखोर आहे."

"कुणाविरुद्ध?"

"फ्रान्सच्या सरकारविरुद्ध."

"मग सरकार काय म्हणतंय?"

"त्यांना काय माहीत? सतराशे त्र्याण्णवचं सरकार आहे ते."

मग त्यानं मला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. फ्रान्समध्ये लोकांनी राजाचं मुंडकं उडवून प्रजासत्ताक आणलं. शहरात आनंद झाला. पण पश्चिमेला व्हांदे नावाचा मुलूख, सगळी खेडी. त्या शेतकऱ्यांचे पाद्री हाकलले, वर घरटी पोरं फौजेत मागितली. मग ते विळे-दाताळी घेऊन राजाच्या नावानं उठले, छातीवर लाल बदाम शिवून. सरकारनं निळ्या कोटातली फौज पाठवली. आपल्याकडं शेतांमधून जाते तशी पाणंद तिथंही असते, दोन्ही बाजूंना मातीचे उंच ताल, वर झुडपं. निळे त्या पाणंदीत शिरले की बंडखोर दोन्ही अंगांनी तुटून पडायचे. शेवटी शेतकरी हरलेच, आणि गावंच्या गावं जळाली. ती लढाई ही इथली माणसं दर वर्षी पुन्हा खेळतात. बार खरे, गोळ्या नाहीत.

मी म्हटलं, "अरे पण राजाच्या बाजूनं कशाला? आपण प्रजासत्ताकवाली माणसं."

"काका, निळ्या फौजेत रांगेत उभं राहावं लागतं. ग्रीन कार्डच्या रांगेत चौदा वर्षं उभा आहे मी. शनिवारी तरी झुडपात बसू द्या."

यतीन मूळचा नागपूरचा. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. चोविसाव्या वर्षी हा इकडं आला आणि सॉफ्टवेअर टेस्टर झाला. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका काढायच्या. हे काम पगार घेऊन करणारा मराठी माणूस मी पहिलाच पाहिला. इथं मत नाही, तिकडच्या यादीतलं नाव कधी गळालं ते त्यालाही ठाऊक नाही. मंडळात कधी पद मागितलं नाही, ऑफिसात कधी पुढं बसला नाही. नऊ वर्षांपूर्वी कुणा सहकाऱ्याबरोबर सहज लढाई पाहायला गेला आणि त्या दिवशी एक बंडखोर कमी होता म्हणून उभा राहिला. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या दहा मिनिटांत मरतो. "इतकं छान मरतो ना काका, लोक टाळ्या वाजवतात," हे त्यानं स्वतः सांगितलं.

मरण्यावरून आठवलं. आमच्या गावी जत्रेच्या नाटकात श्रीराम परीट शिपाई होऊन मेला. त्याची आई पुढंच बसलेली, ती हंबरडा फोडून रडायला लागली. तर हा मेलेला शिपाई उठून बसला आणि म्हणाला, "आये, जित्ता हाय मी, घरला जा." मास्तरांनी त्याला पडद्यामागं नेऊन पुन्हा मारला, ते मात्र खरोखरीचं. हे यतीनला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की पुढच्या शनिवारी मला बरोबर घेऊन गेला.

पश्चिमेला सव्वा तासावर डोंगराच्या पायथ्याशी हार्लन नावाच्या म्हाताऱ्याचं शेत आहे. गाई, मका, एक तळं, आणि मधून खरोखरीची पाणंद. हार्लन बंडखोरांचा कप्तान. दाढी पोटापर्यंत, डोळे बारीक. कुणावरही विश्वास नाही. माझ्याशी हात मिळवला आणि मग तो हात उलटा करून पाहिला. माझं इंग्रजी सातवीतलं, त्यामुळं तिथलं बोलणं यतीननं सांगितलं तसं लिहितो. हार्लननं विचारलं, "या माणसाला आणलास कशाला?" मी कोपऱ्यात पडलेला लांब दांड्याचा विळा उचलला, दगडावर पाणी घालून त्याला धार लावून दिली. हार्लन अंगठा फिरवून म्हणाला, "हा राहू दे." अशी माझी बंडात भरती झाली.

पलीकडच्या फौजेची मुख्य ग्लेंडा. टपाल खात्यातून निवृत्त झालेली, राहायला हर्नडनमध्येच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. निळा कोट घातला की बाई अशी दिसायची, की मी दोनदा नकळत उभा राहिलो.

आता मुद्द्याची गोष्ट. हार्लनचे गुडघे गेले होते. त्यानं ठरवलं की ऑक्टोबरच्या मोठ्या लढाईआधी कप्तानी सोडायची. नवा कप्तान कसा निवडायचा? व्हांदेच्या शेतकऱ्यांनी निवडले तसा, सगळ्यांनी हात वर करून. आणि सगळे धरूनच चालले होते की यतीन. कारण यतीननं टेस्टरच्या नजरेनं पाच वर्षांच्या लढायांची टिपणं काढली होती. निळे कुठून येतात, कुठं थांबतात, कुठं त्यांना पाणी प्यायची सवय. त्यावरून त्यानं दोन नवे डाव आखले. हार्लन आणि तो, दोघांनाच ठाऊक. मला म्हणाला, "काका, मला आयुष्यात कुणी कशासाठीही निवडलेलं नाही. लग्नसुद्धा रेणूच्या मामांनी ठरवलं." हसत म्हणाला, पण गाडी चालवताना तेच तेच तीनदा म्हणाला.

आणि दोन्ही डाव फुटले.

मे महिन्याच्या लुटुपुटीच्या लढाईत बंडखोर तळ्यामागच्या चरात लपले, तर ग्लेंडाची फौज मागूनच आली, सरळ चराकडं, जणू पत्ता घेऊन. ऑगस्टमध्ये मक्यात लपले, तर निळे मक्याच्या तोंडाशी आधीच बसलेले, डबे उघडून जेवत. नऊ वर्षांत पहिल्यांदा यतीन मेलाच नाही. पकडला गेला. त्याला त्याचं फार लागलं.

बंडखोर जमायचे त्या हार्लनच्या कोठारात कुजबूज सुरू झाली. आतला माणूस कोण? ज्यांच्या हाती डाव, ते दोघेच. हार्लन तर गाईंनासुद्धा काही सांगत नाही. त्यात कुणीतरी पाहिलं होतं की पार्किंगमध्ये ग्लेंडा यतीनला एक निळा गोल पत्र्याचा डबा देते. पुढच्या वेळी यतीन तोच डबा तिला देतो. मग ती परत देते. सहा महिने डबा इकडून तिकडं.

हार्लननं विचारलं, "त्या डब्यात काय असतं?"

"चकली."

"ते काय?"

यतीननं बोटानं हवेत काढून दाखवलं. गोल गोल वेटोळं, बाहेरून काटे.

हार्लन बराच वेळ त्याच्या बोटाकडं पाहत राहिला. "म्हणजे तटबंदी," तो म्हणाला.

झालं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी निवड होती. हार्लननं बजावलं, तोवर कोण फितूर ते सांग. नाही तर कप्तानीचं नाव सोड, लाल बदामसुद्धा उसवून ठेव.

यतीन घरी येऊन यादी करत बसला. शंका घेण्यात तो हार्लनच्या वरताण निघाला. पहिलं नाव माझं. मला येऊन म्हणाला, "काका, राग मानू नका. पार्कमध्ये बाकावर बसून तुम्ही कुणाकुणाशी बोलता?"

"सगळ्यांशी."

"काय बोलता?"

"सगळं. पण तुझे डाव मला समजलेच नव्हते रे, सांगणार काय?"

त्यानं माझं नाव खोडलं, पण हलक्या हातानं. मग फोनवर शंका, मग गाडीवर, मग दाराच्या कॅमेऱ्यावर. रुहीला थांबवून विचारलं की ग्लेंडाच्या घराकडं सायकल नेतेस का? ती म्हणाली, "यतीन काका, चिल." त्यानं तेही लिहून घेतलं.

मी त्याला आमच्या शाळेतली गोष्ट सांगितली. खडू चोरीला जायचे. देसाई मास्तरांनी सगळ्यांची दप्तरं उलटी केली, शिपायाला बोलले, सातवीच्या वर्गाला उन्हात उभं केलं. महिन्यानं कळलं, मास्तरांच्याच घरी, मास्तरीणबाईंना दिवस गेले होते आणि त्यांना खडू खायचे डोहाळे लागले होते. यतीननं ऐकलं आणि विचारलं, "मग मास्तरांना आधी का कळलं नाही?" मी म्हटलं, "बाहेर बघत होते म्हणून." त्यानं काही मनावर घेतलं नाही.

निवडीच्या आदल्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं चहाला बसलो होतो, तर दारात पिकअप ट्रक उभा राहिला. हार्लन. न सांगता आला होता, तपासाला. यतीनचा चेहरा पडला. हार्लन टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरला, प्रत्येक कपाटाकडं पाहत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बोल."

रेणूला यातलं काही ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं तिनं चिखलाचे कपडे धुतले आणि तिथं काय चालतं हे कधी विचारलं नाही. तिच्या लेखी पाहुणा आला होता, बस. तिनं चहा ठेवला. चकल्या तळून निवत ठेवल्याच होत्या. हार्लननं एक उचलली, उजेडात धरली, वेटोळं मोजलं, काटे चाचपले, आणि मग खाल्ली. दुसरी उचलताना काही मोजलं नाही.

"रिकाम्या हातानं नाही पाठवायचं हं," रेणू मला म्हणाली आणि ओट्यावरचा निळा डबा पुढं ओढला.

"हा डबा कुणाचा?" हार्लननं लगेच विचारलं.

"ग्लेंडाचा," रेणू म्हणाली. "मार्चमध्ये तिची गाडी बिघडली होती. यतीननं तिला राइड दिली, म्हणून तिनं कुकीज पाठवल्या. आता तिचा डबा रिकामा कसा परत करणार? मी शंकरपाळे घातले. तिनं परत केक घातला. मग मी चकली. ती काही थांबेना, मग मी कशी थांबू?"

हार्लननं हे दोनदा समजावून घेतलं. रिकामा डबा परत द्यायचा नाही, असा तुमच्यात कायदा आहे का? यतीन म्हणाला, कायद्याहून वाईट आहे. आईचा हुकूम आहे.

बोलता बोलता रेणूनं खालचा ड्रॉवर उघडला. त्यात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. एका बाजूनं छापलेले, दुसऱ्या बाजूनं कोरे. आपल्या घरांत हे कागद कुणी फेकत नाही, किराण्याच्या याद्या, पोरांची गणितं, सगळं त्यावर. यतीनच्या प्रिंटरवर पडलेलं जे असेल ते ही बाई दर आठवड्याला उचलून या ड्रॉवरमध्ये टाकत होती. तिनं वरचा कागद घेतला, छापलेली बाजू खाली केली, डब्याच्या तळाशी गोल बसवला.

"टिश्यू घातला की मऊ पडतात," ती म्हणाली. "हा कागद बरा, तेल ओढून घेतो."

हार्लन उठला. त्यानं डब्यात हात घालून कागद काढला आणि उलटा केला. त्यावर त्याचंच शेत होतं. त्याचं तळं, त्याची पाणंद, त्याचं कोठार, आणि ऑक्टोबरच्या लढाईसाठी आखलेल्या तिसऱ्या डावाचे बाण.

मला हसू येत होतं, ते मी चहात बुडवलं.

यतीन म्हणाला, "रेणू, मे महिन्यात ग्लेंडाला शंकरपाळे दिले तेव्हा..."

"असाच घातला होता. का? शाई लागली का त्यांना?"

हार्लननं तिथंच फोन लावला आणि टेबलावर ठेवला. "ग्लेंडा, मोहरीलांच्या डब्यात खाण्याखाली कागद असतो. त्याचं काय करतेस?"

पलीकडून आवाज आला, "आधी खाणं संपवते. मग वाचते."

"तुला सांगावंसं वाटलं नाही?"

"हार्लन, युद्धात शत्रूनं नकाशा पाठवला तर परत करतात का? दोन्ही वेळा मला वाटलं की यतीननं खोटा पाठवलाय. शंका होती म्हणून अर्धी माणसं मागंच ठेवली होती."

हार्लननं फोन बंद केला. नकाशाची घडी करून खिशात घातली, चकल्यांचा डबा काखेत मारला आणि रेणूला वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं. यतीनकडं मात्र पाहिलंसुद्धा नाही.

"काका, सुटलो की अडकलो?" तो मला म्हणाला.

"ते शनिवारी कळेल," मी म्हटलं. रेणू तोवर त्याच्यावर डाफरत होती, "नऊ वर्षं तू तिथं नकाशे काढतोस, आणि मला वाटत होतं गवत कापतोस!"

शनिवारी कोठारात मत असलेले एकोणतीस बंडखोर गवताच्या भाऱ्यांवर बसले; दोन उमेदवारांना आणि माझ्यासारख्या नव्या भरतीला मत नव्हतं. रेणूही आली होती, पहिल्यांदाच, आणि दाराशी उभी होती. हार्लन बोलायला उठला.

"हा माणूस फितूर नाही," तो म्हणाला. "असता तर बरं झालं असतं. फितुरावर नजर ठेवता येते. चांगल्या बायकोवर कशी ठेवणार?"

हार्लन खाली बसला. लोक हसले, पण एकमेकांकडं बघून. दुसरी उमेदवार ट्रिश, दवाखान्यातली नर्स, आडदांड आणि स्पष्ट. तिनंच विचारलं, "यतीन, कप्तान झालास तर डाव कागदावर काढशील?"

"नाही. डोक्यात ठेवीन."

"आणि घरी सांगशील?"

आता इथं नाही म्हणायचं, आणि कप्तानी खिशात घालायची. मी मनातल्या मनात ओरडत होतो, नाही म्हण, नाही म्हण. आमच्या गावचा सरपंच असल्या जागी तीन वेळा नाही म्हणाला होता आणि तीन वेळा निवडून आला होता. यतीननं दाराकडं पाहिलं.

"सांगेन," तो म्हणाला. "सांगितलं नाही म्हणूनच हे झालं. तिला ठाऊक असतं की त्या कागदावर काय आहे, तर तिनं तो जपून ठेवला असता. मी तिच्यापासून लपवला, म्हणून तो तिला रद्दी वाटला."

कोठारात भाऱ्यांची सळसळ झाली. पुढच्या रांगेतले दोन दाढीवाले एकमेकांच्या कानाला लागले. मग हात वर झाले. ट्रिशला सोळा. यतीनला तेरा.

ट्रिशनं लगेच त्याच्या पाठीत थाप मारली आणि काय ते म्हणाली, ते मला कळलं नाही. बदाम मात्र कुणी उसवायला सांगितलं नाही.

परतताना गाडी यतीन चालवत होता, शेजारी रेणू, मागं मी. डोंगर मागं पडला तेव्हा रेणू म्हणाली, "माझ्यामुळं हरलास ना?"

"हरलो कसला? तेरा लोक होते."

"कोण कोण?"

आणि यतीन एकेक नाव सांगू लागला. हा सुतार, त्याची बायको, ती शाळेच्या बसची ड्रायव्हर, तो पोरगेला वकील, ज्यानं मागच्या वर्षी याला खांद्यावरून उचलून नेलं होतं. प्रत्येकाचं नाव घेताना तो आरशात बघून मला विचारत होता, "होता ना काका? पाहिलंत ना?" मी प्रत्येक वेळी म्हणत होतो, पाहिलं. बारा नावं झाली.

"आणि तेरावा?" रेणूनं विचारलं.

यतीन म्हणाला, "तेच कळत नाही. मोजताना हार्लनचा हात वर होता. पण मला वाटतं तो टोपी सारखी करत होता. मोजणाऱ्यानं चुकून मोजला. तो मला कशाला मत देईल?"

त्याच्या आवाजात पुन्हा ती शंका आली, यादी करणारी. मी पुढं वाकलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी हार्लनच्या अगदी समोर बसलो होतो.

"अरे यतीन," मी म्हटलं, "टोपी तर त्याच्या मांडीवर होती."